मागची गाडी

आमच्या मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, एक लाडका सेनापती होता. तो पेशवाईत कधीतरी लढलेला. पण मामाजी असं बोलत की कालच आमच्या ओट्यावर पान खाऊन गेला असावा. शिपायांची शिळी भाकर तोही खायचा, दिलेला शब्द मोडायचा नाही. आणि फौज माघारी फिरली की तो सगळ्यांत मागे राहायचा, स्वतःच्या पोरालाही तिथंच ठेवायचा. "लोकायचं पोरगं मांगं ठेवून सोताचं पुढं धाडते, तो कायचा सेनापती?" असं म्हणून मामाजी मिशीवरून हात फिरवत. ऐकणारे माना डोलवत. मी दाराआडून मनात म्हणायची, त्या पोराला कुणी विचारलं होतं का? नव्या सुनेला तोंडानं म्हणायची सोय नव्हती.

ऐकून सोडून दिली असती तर ती गोष्ट गोड होती. पण मामाजींनी सेनापती थेट घाटात आणला होता. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीनंतर गावातल्या कापसाच्या गाड्या एका रांगेनं घाट उतरून मलकापूरला जात आणि मामाजी त्यांचे पुढारी. उतारावर मागची गाडी सुटली तर पुढच्या सगळ्यांना घेऊन दरीत जाते. म्हणून मागच्या माणसानं वेळ आली तर आपली गाडी डोंगरावर घालायची, आणि ते काम दुसऱ्याला सांगायचं नाही, हा त्यांचा कायदा. आमची गाडी कायम मागे.

मला सातवा महिना होता. मलकापूरहून रेल्वेनं माहेरी जायचं होतं. एसटीच्या हिसक्यांपेक्षा कापसावर बसून गेलेलं बरं, हे सासूबाईंचं मत. घाटाच्या तोंडाशी गाड्या थांबल्या तेव्हा माझा नवरा आमच्या पुढे असलेल्या घरच्याच दुसऱ्या गाडीवरून उतरून आला.

"बाबा, हिले माह्या गाडीत बसू द्या."

"काऊन? बाकीच्या गाड्यायत बाया नाहीत काय? आपली सून पुढं अन् लोकायच्या मांगं?"

नवरा आपल्या गाडीकडे परत गेला. मला बापापेक्षा लेकाचा राग जास्त आला.

वेग आवरायला गाडीमागे दोरखंडानं बाभळीचा ओंडका बांधलेला असे. तो रस्त्यावर खरखरत येई, तोवर जिवाला आधार. मी पोत्यांची दोरी धरून तो आवाज ऐकत होते. एका हातावर दरी होती. तिकडं बघायचं नाही असं ठरवून मी तिकडंच बघत होते. निम्म्या घाटात कट् झालं आणि खरखर थांबली.

बैलांचे पाय घसरू लागले. गाडी त्यांना ढकलत होती. खाली वळणावर पुढच्या गाडीतल्या बाईचं लाल लुगडं दिसलं, भराभर जवळ येऊ लागलं. पोटात बाळ लाथा मारत होतं. मामाजींनी एकदाच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तसा चेहरा मी माणसाचा कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी सारा जोर लावून कासरा डोंगराच्या बाजूला ओढला.

डोळे उघडले तेव्हा मी कापसाच्या पोत्यावर पडले होते. गाडी उलटली होती, एक बैल उठत नव्हता. मामाजी लंगडत आले. त्यांनी आधी खालच्या गाड्या पाहिल्या, मग मला.

"सूनबाई... पोट?"

"त्या पोराले कोनी इचारलं होतं का?" भीतीनं माझं भान सुटलं होतं. "तुमच्या सेनापतीच्या पोराले?"

मामाजी दुखावलेला पाय धरून तिथंच मातीत बसून राहिले.

लेक सुखरूप जन्मली. मी परत आले, पण ओट्यावर सेनापतीची गोष्ट पुन्हा ऐकू आली नाही. दुसऱ्या वर्षी संक्रांतीला माहेरी निघाले तेव्हा घाटाच्या तोंडाशी गाड्या थांबल्या. मामाजी काठी टेकत माझ्याजवळ आले. सगळ्या गावासमोर, मान खाली घालून त्यांनी विचारलं,

"सूनबाई, तू कुठी बसतं?"

भीती गेली नव्हती. मी लेकीला पुढच्या गाडीत तिच्या बापाच्या मांडीवर दिलं आणि या वेळी मला विचारलं होतं म्हणून मागच्या गाडीवर चढले.