दोन बोटं मार्जिन

मास्तर कपडे सैल करून देतात, घट्ट करून देतात, लांबी कमी करून देतात, पण आतलं कापड कापून टाकत नाहीत. बत्तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून अशी एकही पँट गेली नाही, जिच्या कमरेत आतून दोन बोटं मार्जिन नव्हतं. गिऱ्हाईक व्यायाम करून काडीपहिलवान झालेलं असलं, "आता कधीच सुटणार नाही" अशी शपथ घेत असलं, तरी मास्तर मान डोलावतात आणि दोन बोटं ठेवतात. दोन वर्षांनी तीच पँट परत येते. मास्तर शिलाई उसवतात, एक शब्द बोलत नाहीत, पण त्यांची मिशी बोलते.

असा माणूस आक्रमक संघ बांधायला बसला, ही या गोष्टीतली खरी अडचण.

खेळ राक्षसांच्या झुंजीचा. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचं जुनं, हातात मावणारं खेळाचं यंत्र कपाटातच राहिलं. मास्तरांनी ते दुरुस्तीला आलेल्या कोटासारखं उलटसुलट करून पाहिलं. महिन्याभरात त्यांच्या पदरी सहा राक्षस होते आणि त्यांची नावं सुई, कैची, इस्तरी अशी होती. इस्तरी तोंडातून आग ओकत असे.

दुकानाला लागून एक टपरी होती. तिथे चाव्या करून देणारे गृहस्थ बसत. सगळे त्यांना चावीवालेच म्हणत. मास्तरांची तंद्री पाहून त्यांनीही कुठूनसं तसलंच यंत्र पैदा केलं. तेव्हापासून तीन वर्षं रोज दुपारी डबे संपले की एक वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं, आणि मास्तर मशीनच्या स्टुलावर, चावीवाले इस्तरीच्या टेबलाला टेकून, अशी झुंज सुरू व्हायची.

चावीवाल्यांचा मुख्य राक्षस दगडी पाठीचा होता. नाव अर्थातच कुलूप. तो कुणाला फारसा मारत नसे. विषाची एक पिचकारी टाकायची आणि बसून राहायचं. मार बसला की झोपायचं आणि ताजंतवानं होऊन उठायचं. मास्तरांचे राक्षस त्याच्यावर डोकं आपटून आपटून एकेक करून गार व्हायचे. दोनच्या सुमारास शेवटचा पडायचा, चावीवाले "चला, कामाला लागू" म्हणायचे आणि शटर वर जायचं. तीन वर्षांत मास्तर एकदाही जिंकले नव्हते. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं ते घरी सांगत.

"वाटत नाही, तर जेवताना पुटपुटता काय?" बायको विचारी.

एका सोमवारी डाव संपल्यावर चावीवाले म्हणाले, "मास्तर, शनिवारी टपरी बंद करतोय. गुडघे ऐकत नाहीत आता. मुलाकडे जातो राहायला."

मास्तर तेव्हा सुईत दोरा ओवत होते. दोरा तीनदा चुकला. बोलायला बरंच काही मनात आलं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "म्हणजे शनिवारपर्यंत मला एकदा तरी जिंकायला हवं."

"बघा प्रयत्न करून," चावीवाले म्हणाले.

संध्याकाळी मास्तरांनी मुलीला फोन लावला. मुलगी या विषयातली जाणती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"बाबा, तुम्ही त्यांच्यासोबत दमाने खेळता, तिथेच मार खाता. सगळे मारणारे घ्या. प्रत्येक राक्षसाला जे गुण वाटून द्यायचे असतात ना, ते सगळे मारा आणि चपळाई यांत घाला. बचावात शून्य. आधी सुईला पाठवा, ती मैदानभर टाचण्या पेरेल. ती पडेल, पडू द्या. मग कैची. एक फेरी धार लावायची आणि सुटायचं."

मास्तरांनी बिलाच्या पाठीमागे सगळं टिपून घेतलं. मंगळवारी हरले. बुधवारी हरले. गुरुवारीही हरले, फक्त पडले झटपट, एवढाच फरक. शुक्रवारी मात्र कैचीचा घाव असा बसला, की कुलपाच्या जिवाची पट्टी सुतभर उरली. त्या सुतभर जिवावर ते झोपलं, उठलं आणि मास्तरांचा कारभार आटोपला.

"गुणांच्या पानाचा फोटो पाठवा," मुलगी फोनवर म्हणाली. फोटो गेला.

"बाबा, हे बचावात वीस कुणी ठेवले?"

मास्तर मिशीवरून हात फिरवू लागले.

"सगळ्यांच्यात आहेत. सहाच्या सहा जणांच्यात वीस वीस."

"असू दे की थोडे आत. उद्या कुणी अंगावर आलं तर?"

"कुणी अंगावर यायच्या आत त्याला आडवं करायचं, म्हणून तर हा संघ. ते वीस माऱ्यात असते, तर आज कुलूप पडलं असतं."

"अगं, तू कुणाला सांगतेस?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "हे उशीच्या अभ्र्यालाही मार्जिन ठेवतात. उशी काय जाड होणार आहे?"

जेवणाआधी मास्तर यंत्र घेऊन बसले आणि एकेका राक्षसाच्या बचावातले वीस काढून माऱ्यात घातले. कैचीपाशी हात अडला. आतून काहीच न राखलेली वस्तू त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती. त्यांना खरोखर वाईट वाटलं. तरी काढले.

शनिवारी टपरी रिकामी होती. चाव्यांचा फळा खोक्यात गेला होता. एक वाजता शटर अर्धं खाली आलं.

सुई उतरली, टाचण्या पेरल्या, विषाने पडली. कैची आली. तिने धार लावली. कुलूप नेहमीसारखं बसून होतं, कारण घाई करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. मग कैचीने घाव घातला आणि कुलपाची पट्टी सरळ शून्यावर गेली. चावीवाल्यांचे बाकीचे पाच जण एकेक करून टाचण्यांवर पाय ठेवत आले आणि एकेका घावात गेले.

"संपलं?" चावीवाल्यांनी विचारलं.

"संपलं," मास्तर म्हणाले.

"छान खेळलात." चावीवाले मनापासून म्हणाले, आणि दोघांनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून नऊ मिनिटं झाली होती.

मास्तरांना आनंद झाला. तो साधारण मिनिटभर टिकला. मग चावीवाले चार्जरची वायर गुंडाळू लागले, आणि मास्तरांना कळलं, की आपण तीन वर्षं रोज हरत होतो म्हणूनच हा माणूस तासभर समोर बसत होता. आज जिंकून त्यांनी त्यातली एक्कावन्न मिनिटं घालवली होती, तीही शेवटची. आयुष्यात पहिल्यांदा मार्जिन ठेवलं नाही आणि नेमकं आजच कमी पडलं.

"थांबा. अजून एक डाव," मास्तर म्हणाले आणि खाली मान घालून भराभरा बटणं दाबू लागले.

चावीवाल्यांनी वायर खाली ठेवली. गुडघा धरून ते पुन्हा टेबलाला टेकले. बराच वेळ झाला तरी मास्तरांची बटणं थांबेनात, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय करताय?"

"गुण बदलतोय. बचावात घालतोय."

"किती?"

"सगळे."

चावीवाल्यांनी जरा विचार केला. "माझं कुलूप तुम्हाला पाडणार नाही, तुमचे मला पाडणार नाहीत. मग हा डाव संपायचा कसा, मास्तर?"

"गाडी किती वाजता आहे तुमची?"

"साडेसहाला."

मास्तर उठले, अर्धं उघडं शटर त्यांनी पार खालपर्यंत ओढलं आणि स्टुलावर येऊन बसले.

"मग चला," ते म्हणाले. "तुमची पाळी."