दुभाषीबाईंनी बदललेलं माझं उत्तर

"खुर्ची जरा लांब घे. वास येतोय," दुभाषीबाई म्हणाल्या.

वास ब्लीचचा होता. शिक्षेचे शेवटचे महिने, म्हणून दिवसा मला जेलबाहेर एका लाँड्रीत कामाला नेत. आठवड्यातून एकदा नशेचं काउन्सेलिंग. तिथे काही बिघडलं की बाहेरचं काम बंद. काउन्सेलर अरबी बाई. माझं मराठी तिला इंग्रजीत सांगायला या बाई जुमेरा लेक टॉवर्सच्या श्रीमंत वस्तीतून आल्या होत्या. समाजसेवा.

मी खुर्ची लांब घेतली.

काउन्सेलरने विचारलं, पहिली गोळी कुणी दिली?

मी सांगितलं. अल मनखूलला एका मराठी घरात कामाला होते. पाठ धरली. उभं राहवेना. सुट्टी मागितली, तर मालकिणीने सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या उरलेल्या, दुखणं मारायच्या कडक गोळ्या आणल्या. "घे आणि कामाला लाग." मग रोजच द्यायला लागली. पुढे गोळीशिवाय माझे हात थरथरायचे. ते दिसल्यावर तिने मला घराबाहेर काढलं. मी रोल्लाच्या बाजारात चोरून विकत घ्यायला लागले. तिथेच पकडले गेले.

दुभाषीबाई काउन्सेलरकडे वळल्या. "बॅड फ्रेंड्स. शी इज व्हेरी सॉरी."

बस. एवढंच.

त्यांना वाटलं, हिला काय कळतंय. त्या घरातली पोरं माझ्याशी इंग्रजीतच बोलायची. त्यांना भरवता भरवता मी ऐकत होते.

"मॅडम, मी असं नाही बोलले."

त्या हसून, हळू आवाजात म्हणाल्या, "चांगल्या घरांची नावं कशाला घेतेस? इथे आपल्या लोकांची इज्जत आहे. सॉरी म्हण, सुटशील. तुमच्यात हे चालतंच."

आपल्या लोकांची. तुमच्यात. एका दमात दोन्ही.

बोलले तर काम जाईल. पुन्हा दिवसभर कोठडी. दाराशी पोलीसबाई उभी. काउन्सेलर आम्हा दोघींकडे बघत होती.

मी उठले. पोलीसबाई पुढे आली.

"नो फ्रेंड," मी म्हणाले. "मदाम. हाउस मदाम गिव्ह." पाठीवर हात ठेवला. "एव्हरी डे गिव्ह. आफ्टर, आय बाय. धिस लेडी नॉट से."

दुभाषीबाईंचा चेहरा उतरला. त्या भराभर इंग्रजी बोलायला लागल्या. काउन्सेलरने हात वर केला. "खलास." म्हणजे पुरे. त्यांना बाहेर पाठवलं.

घडल्या प्रकाराची चौकशी लागली. तोवर माझं बाहेरचं काम थांबवलं. कोठडीतल्या बायका म्हणाल्या, "काय मिळालं बोलून?" त्या आठवड्यात गोळीची आठवण फार झाली. भिंतीला टेकून बसून राहिले.

पुढच्या खेपेला फोनवर दुसरी दुभाषी होती. काउन्सेलर म्हणाली, विचार करून सांग, हे सगळं लिहिलं जाईल.

विचार झाला होता. मी मालकिणीचं पूर्ण नाव सांगितलं. बिल्डिंग सांगितली. रोल्लात मी स्वतः काय काय केलं, तेही सांगितलं.

काम परत मिळेल, न मिळेल. ते नाव मी मागे घेणार नाही.