अध्यक्षांसमोरची दोन मिनिटं

चेन्नईत वेस्ट मांबलमला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त रेल्वेवाले गृहस्थ सोनं शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीचे भागधारक आहेत. त्यांच्या नादाने मीही झालो, बायकोला न विचारता. कंपनी वर्षानुवर्षं खडक फोडते आणि दर तिमाहीला पत्राने धीर देते. गृहस्थ ते पत्र लाल पेनाने खुणा करत, भक्तिभावाने वाचतात.

यंदा बायकोला सुगावा लागला. "सोनं कधी निघणार ते विचारा, नाहीतर सरळ विकून टाका!"

ऑनलाइन वार्षिक सभेत गृहस्थांना बोलायला दोन मिनिटं मिळणार होती. आम्ही दोघांनी मिळून चांगला खरमरीत प्रश्न लिहिला. पाळी आली. वर इस्त्रीचा शर्ट, खाली वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, अशा थाटात गृहस्थ म्हणाले, "अध्यक्षसाहेब, अहवालाची छपाई अप्रतिम! खडकाचा फोटो तर फारच सुरेख." त्या कौतुकातच वेळ संपली.

"अहो, आपला प्रश्न?" मी विचारलं.

"सार, किती दमलेले दिसत होते ते! चारचौघांत कसं विचारायचं? आणि नाव घेऊन आभार मानले त्यांनी माझे."

दुसऱ्या दिवशी बायकोने मला समोर बसवून सगळे शेअर विकायला लावले. असला माल घेणारा कोण भेटला, याचं मी नवल करत होतो, तेवढ्यात गृहस्थ आनंदाने जिना उतरत आले.

"सार, आज स्वस्तात मिळाले!"