तहकूब सभेतला एक हात

गावाने पंचफुलाबाईंना थेट मतांनी सरपंच केलं आणि त्याच गावाने सातही सदस्य शरणप्पांच्या पॅनेलचे दिले. आता याला काय म्हणावं! गाव अहमदपूर तालुक्यातलं, साल दुष्काळाचं. भीमनगरातल्या बाया हंडे घेऊन शेतातल्या विहिरी धुंडाळत होत्या. उन्हाळ्याआधी तिथे नळ आणायचा, एवढं एकच काम बाईंनी मनावर घेतलं होतं. पण ठराव मांडला की उपसरपंच शरणप्पा सावकाश म्हणायचे, "बहुमत न्हाई, ताई." सात हात मांडीवरून हलायचे नाहीत.

पूर्वी हेच सदस्य सरपंच निवडायचे. तो त्यांच्या खिशात असायचा, पण ठराव तरी व्हायचे. बाई कुणाच्याच खिशात नव्हत्या, म्हणून त्यांची खुर्ची नुसती शोभेची. शेजारच्या गावात त्यांची नणंद भामाबाई सरपंच होती. तिथे सदस्यांचे तीन गट. ती एकाला चहा पाजून, दुसऱ्याशी गोड बोलून काम काढून घ्यायची. इथे सगळे एकाच पॅनेलचे, फोडणार कुणाला? बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची, ती उगाच नव्हे.

जानेवारीच्या मासिक सभेदिवशी सातहीजण नव्या जिल्ह्याच्या मोर्चाला निघून गेले. प्यायला पाणी नाही आणि यांना जिल्हा पाहिजे! आपण नसलो की कोरम नाही, कोरम नाही की ठराव नाही, असा त्यांचा होरा. बाईंनी वाट पाहिली आणि ग्रामसेवक नरसिंगला सभा तहकूब करून पुढची तारीख लावायला सांगितली. फळ्यावरची नोटीस वाचून शरणप्पा हसले. त्याही दिवशी कुणी फिरकलं नाही.

तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही, हे ते विसरले होते. मागे याच नियमावर शरणप्पांनी दोन माणसांत वेशीची कमान मंजूर करून घेतली होती. पंचफुलाबाई तेव्हा साध्या सदस्य होत्या आणि त्यांना ते मागाहून कळलं होतं. त्या मात्र विसरल्या नव्हत्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर त्यांनी एकटीने हात वर केला. नरसिंगने मान खाली घालून ठराव लिहिला.

शरणप्पा लालबुंद होऊन आले. एकट्या बाईने ठराव करायचा, ही कसली लोकशाही, असं विचारू लागले.

"सातजण मिळून पाणी अडवून राहिलते, ती कसली होती, अप्पा?"

उन्हाळ्याच्या तोंडावर नळ आला.

पुढल्या वर्षी मुंबईत कायदा बदलला. पुढच्या निवडणुकीपासून सरपंच पुन्हा सदस्यांनीच निवडायचा. ज्या गावाने मतं दिली, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. शरणप्पांनी पेढे वाटले आणि एक मुद्दाम नळावर आणून बाईंपुढे धरला. बाई हंडा भरत होत्या. संताप आला, पण त्यांनी तोटी सोडली नाही.

"पुढच्या खेपेला मी नसंन, अप्पा. पण नळ हाय. त्याला हात लावून दाखवा."