मानाचा पत्रा

आमच्या सास्तूरकडं माणसं दगडाला भितात आणि पत्र्यावर विश्वास ठेवतात. भूकंपात दगडी भिंती आणि वरची हातभर माती माणसांवर बसली. त्यानंतर नव्या गावात माझ्या थोरल्या भावानं दोन खोल्या वाढवल्या, त्यांवर सिमेंटचे पत्रे टाकले. "पडला तर टकुरं फुटंल, जीव जाणार न्हाय," असं दादा पाहुण्यांना छत दाखवून सांगायचा.

यंदा तिथं स्लॅब टाकायचं ठरलं. पत्रे उतरवायच्या आत मी उमरग्याहून तिथं पोचलो. कारण पत्र्यांत ॲस्बेस्टॉस होतं, आणि घरात वहिनी होत्या. वहिनींना दमा आहे. चुलीचा धूरसुद्धा त्यांना बसू देत नाही.

"अख्खा पत्रा गप असतो," मी दादाला सांगितलं. "फुटला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात. छातीत जाऊन बसतात ते निघत नाहीत. आजार दिसायला वीस-तीस वर्षंही जातात."

"एवढी वर्षं खाली झोपलाव. काय झालं?"

"फोडला नव्हता म्हणून. आताही फोडू नका, पाणी मारून अख्खा उतरवा."

"तू लई वाचतोस. वाचून डोळे जातेत, पत्र्यानं कुणाचं काय गेलंय?"

दारातून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी म्हणतेत तर करा की. पाणीच तर मारायचंय."

टँकरची वाट बघणाऱ्या गावात 'पाणीच तर' म्हणायला धाडस लागतं. पण त्यांच्या त्या एका वाक्यावर काम झालं. वहिनींना बहिणीकडं पाठवलं. मिस्त्री घण घेऊनच आला होता. तो घण बाजूला ठेवताना त्याचा चेहरा असा झाला, जणू काही मी त्याच्या ताटातली पोळी काढून घेतली. पाइपानं पत्रे भिजवले, गंजलेले बोल्ट सोडवले आणि एकेक पत्रा अख्खा खाली घेतला. रुमालानं भागत नाही म्हणून मी चांगले मास्क नेले होते. ते बराच वेळ सगळ्यांच्या हनुवटीचं रक्षण करत होते. मी ओरडलो की नाकावर चढायचे. पत्रे प्लॅस्टिकमध्ये बांधले. एक मात्र दादानं बांधू दिला नाही.

"त्यो साहेबाचा."

आमच्याकडं कुणीतरी फेटा बांधून घाव घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. नारळ तर कुणीही फोडतं. साहेबांसारख्या पुढाऱ्याला तेवढ्यात कसं भागणार? म्हणून ते भूकंपाच्या काळातला पत्रा फोडणार होते आणि 'दुःखाचं छप्पर हटवलं' असं बोलणार होते. तसं फ्लेक्सवर आधीच छापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्लॅबच्या मुहूर्ताला अंगणात दोन बाकड्यांवर तो पत्रा मांडला. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मी गुपचूप पाणी मारलं. कुंकू ओघळलं.

"हे काय केलंस?" दादानं फडक्यानं पत्रा कोरडा केला आणि पुन्हा कुंकू वाहिलं. "फोटोत रगत सांडल्यावानी दिसंल."

"नारळच फोडा. पत्रा राहू द्या."

"अन् फ्लेक्स काय गिळू?"

औक्षणासाठी वहिनी सकाळीच परतल्या होत्या. ओवाळून होताच मी त्यांना पुढच्या पक्क्या खोलीत बसवलं, दार-खिडक्या लावून घेतल्या. "लेकरागत कोंडताव व्हय मला," म्हणून त्या हसल्या, पण बसल्या.

साहेबांचं भाषण पत्र्यापेक्षा लांब होतं. घणाला रिबिन बांधली होती. पहिल्या घावाला पत्रा फुटला नाही. फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा जोरात." मग पत्रा फुटला आणि त्याचा आवाज बोटं मोडल्यासारखा आला. हलगी वाजली. बारीक पांढरट धूळ फेट्यावर, पेढ्यांच्या ताटावर, टाळ्या वाजवणाऱ्या हातांवर उतरली. कुणी मागं सरलं नाही. साहेबांनी खांदा झटकला आणि पेढा तोंडात टाकला.

मी पेढे टाकून दिले आणि पाइप उघडला. "शुभकार्यात राख सावडल्यागत पाणी काय मारतोस!" दादा दातओठ खात म्हणाला. मी तुकडे भिजवले, उचलले, दुहेरी पिशव्यांत बांधले. झाडू कुणाला लावू दिला नाही. ओल्या फडक्यांनीच पुसून घेतलं. साहेबांच्या गाड्या गेल्या. दार बंदच होतं. मला वाटलं, चला, एवढं तरी जमलं.

कपडे बदलून, हात-तोंड धुऊन मी त्या खोलीचं दार उघडलं. खिडकी उघडलेली होती आणि वहिनी देव्हाऱ्यापुढं उभ्या होत्या. त्यांच्या हातात झेंडूचा हार होता.

"यांनी खिडकीतून दिला," त्या म्हणाल्या. "मानाच्या पत्र्याचा हाय, देवाला घाला म्हणले. लई धूळ होती. झटकला चांगला."

खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती. तिच्यात काहीतरी तरंगत होतं, अगदी सावकाश, खाली बसायची घाई नसल्यासारखं.

मी वहिनींना दंडाला धरून बाहेर काढलं. दादा धावत आला.

"आता काय झालं?"

वहिनी खोकल्या नाहीत. मी ओलं फडकं शोधायला लागलो.