बिकोंबोनं ओढलेला नांगर

नुंगवीच्या किनाऱ्यावर बिकोंबोचा श्वास प्रसिद्ध होता. पाहुण्यांना समुद्राखाली फिरवून आणणाऱ्यांत तिच्याइतकी कमी हवा कुणालाच लागत नसे. बोटीवरचा रिवाजच होता: वर आल्यावर वाटाड्यांनी मनगटावरच्या यंत्राचा आकडा, म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा ओढली तो, मोठ्यानं सांगायचा. ज्याचा मोठा, त्यानं नांगर ओढायचा. बिकोंबोच्या हाताला तो दोर कधी लागला नव्हता आणि, खरं सांगायचं तर, याचा तिला भारी तोरा होता.

त्या दिवशी मात्र तिचं कशातच लक्ष लागेना. बोट चालवणारा शामे तिचा नवरा. त्याला मस्कतच्या जहाजावर नोकरी मिळत होती; संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. आदल्या दिवशी त्यानं विचारलं, "जाऊ का गं?"

"जा की! मी काय तुझे पाय धरून बसलेय?" ती फटकन बोलून गेली. आता ते शब्द काही परत गिळता येत नव्हते.

खाली पाण्यात तिचे हातपाय नेहमीसारखेच संथ चालले होते, पण यंत्रावर दिसणारी हवेची उरलेली मिनिटं भराभर घटत होती. यंत्राला काय, पाठीवरच्या टाकीतल्या हवेचा दाब किती वेगानं उतरतोय तेवढंच दिसतं. त्यावरून ते हिशेब मांडतं. तिनं श्वास आवरून पाहिला, तर तो जास्तच उसळला. मेलं हे यंत्र! तिनं मनगट पोटाशी दडवलं.

वर येताच तिच्यासोबतचा वाटाड्या खातिबू ओरडला, "माझे चौदा! ताई, तुझे?"

"एकोणीस."

"एकोणीस? अगं, हवा ओढलीस की घरी न्यायला बांधून घेतलीस?"

"आज खोल गेलो होतो."

सुकाणूवरून शामेनं मान वळवली. "खोलीचं कारण सांगू नकोस. वीस मीटरवर हवा तिप्पट लागते, म्हणून यंत्र तिनानं भागूनच आकडा देतं. तूच शिकवलंस मला."

"मग ओढ होती पाण्याला."

"आज? पाण्यात तोंड बघ, लख्ख दिसेल."

ती तरातरा उठली आणि दोर ओढू लागली. नांगर वाळूत रुतलेला. तळहात सोलवटले, डोळे भरून आले. खातिबू मदतीला आला, तर त्याच्यावरच खेकसली, "हो बाजूला!"

शामे येऊन मागून दोराला लागला. हळूच म्हणाला, "काल तर जा म्हणालीस."

"नको जाऊस." पाहुण्यांसकट सगळ्यांना ऐकू गेलं.

शामेचा हात थबकला. "मी सकाळीच हो कळवून टाकलं, बिकोंबो. मला वाटलं, तुला काहीच वाटत नाही."

"मग परत फोन कर."

"किनाऱ्यावर गेल्यावर—"

"आत्ता."

"आधी दोर सोड बाई, हात बघ तुझे."

"आधी फोन."

नांगर अर्ध्यात लोंबकळत राहिला. शामेनं पिशवीतून फोन काढला, कानाला लावला. पलीकडून कुणीतरी बोलल्याचं ऐकू आलं, तेव्हा तिनं दोर सोडला. नांगर धाडकन पुन्हा तळाला गेला, पण तो ओढायचा कुणी, हे खातिबूनंसुद्धा विचारलं नाही.