खुणा नसलेल्या चाली

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीनंतर शहाऐंशी चाली बांधल्या. त्याआधी चौतीस वर्षं ते नेवाशाच्या एका शाळेत संगीत शिकवत होते. सावेडीत माझ्याकडे राहायला आले तेव्हा घरात संगणक होता आणि त्यात मराठी टाइप करायचं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर. एकसष्टाव्या वर्षी ते त्यावर लिहायला शिकले आणि वही सुटली ती सुटलीच.

वर अभंगाची ओळ, खाली सा रे ग म. स्वर कोमल असेल तर अक्षराखाली आडवी रेघ, खालच्या सप्तकातला असेल तर खाली टिंब, वरच्या सप्तकातला असेल तर डोक्यावर टिंब. या खुणा नेहमीच्या फाँटमध्ये नव्हत्या. त्यांचा वेगळा फाँट होता आणि अण्णा एकेक खूण शोधून जागेवर बसवत. एका चालीला दोन-तीन दिवस जात.

"अण्णा, मोबाईलवर गाऊन ठेवा ना," असं मी एकदा म्हणालो होतो.

"त्यात माझा खोकला राहील," ते म्हणाले. "कागदावर असली की कुणीही गाईल, आपापल्या गळ्यानं."

त्या सॉफ्टवेअरला एक लॉक होतं. काडेपेटीएवढा ठोकळा, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचलेला. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. पुढे ते बनवणाऱ्यांनी विक्री थांबवली आणि नव्या संगणकांना तसलं भोकच राहिलं नाही. जुनं यंत्र सुरू व्हायला अकरा मिनिटं घेऊ लागलं. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. माझी स्वतःची कामं तोवर मी नव्या संगणकावर, मुक्त सॉफ्टवेअरवर आणली होती. पत्रं, तक्ते, सगळं युनिकोडमध्ये, कुठेही उघडेल असं. अण्णांचं तेवढं मागे राहिलं होतं.

मग अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. एकच शब्द उरला, "नाही". चहा हवा असला तरी नाही, खिडकी लावू का विचारलं तरी नाही. मी ठरवलं की त्यांना दिसतंय तोवर चालींचं पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं.

जुन्या यंत्रावर एकेक चाल उघडली, त्यातला मजकूर साध्या फाईलमध्ये उतरवला, आणि जुन्या फाँटचं युनिकोड करून देणारं एक मुक्त सॉफ्टवेअर होतं त्यातून काढला. बारा दिवस लागले. मूळ फायलीही पेनड्राइव्हवर घेतल्या. मग तपासणी. चाली शहाऐंशी, इकडेही शहाऐंशी. ओळी एक हजार नऊशे बत्तीस, इकडेही तेवढ्याच. शब्दही जुळले. अक्षरं मात्र मोजली नाहीत, कारण जुन्या फाँटमध्ये एकेक अक्षर दोन-तीन तुकड्यांचं असे. ती संख्या जुळणार नाही हे मला आधीच माहीत होतं.

बायको म्हणाली, "अहो, मोजताय तुम्ही. वाचतंय कोण?"

"स्वर मला कुठे कळतात?"

"मग ज्यांना कळतात त्यांना दाखवा की."

मी अण्णांना दाखवलं. पहिल्या चालीचं पान लॅपटॉपच्या पडद्यावर मोठं करून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताचं बोट अक्षराखाली ठेवलं आणि आडवं ओढलं. "नाही," म्हणाले. पुढच्या अक्षराखाली पुन्हा तसंच. "नाही. नाही." मला वाटलं, थकले. मी पडदा मिटला.

त्याच आठवड्यात जुनं यंत्र भंगारात दिलं. लॉक काढून ठेवावं असं मनात आलं होतं. पण मोजणी जुळली होती.

पुस्तकाआधी कोणीतरी एकदा वाजवून पाहावं म्हणून मी अण्णांच्या एका विद्यार्थिनीला बोलावलं. ती आता पन्नाशीची, श्रीरामपूरला मुलींना संगीत शिकवते. रविवारी एसटीने आली. अण्णांच्या पाया पडली, त्यांची पेटी पुढे घेतली, छापलेली पानं समोर ठेवली. चार ओळी वाजवून थांबली.

"दादा, खुणा कुठायत?"

"कसल्या?"

"कोमल-शुद्ध काही नाहीच. आणि सगळं एकाच सप्तकात. हे कुणी लिहिलंय, सरांनी?"

तिने आणखी दहा-बारा पानं उलटली. कुठेच खूण नव्हती. त्या वेगळ्या फाँटमधलं जे होतं ते सगळं, ओळखता न आल्यामुळे, रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरनं गाळून टाकलं होतं. खुणा शब्दांच्या पोटात होत्या, त्यामुळे शब्दांची संख्या बदलली नव्हती. अण्णा खुर्चीतून बघत होते. त्यांनी डाव्या हाताचं बोट हवेत आडवं ओढलं. आता मला कळलं ते काय सांगत होते.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे गेलो.

"मागं काडेपेटीएवढा ठोकळा होता बघ, प्रिंटरच्या जागी."

"आवं साहेब, तुमचा माल कवाच पुण्याला गेला. तितं समदं फोडत्यात."

"एवढा एक मिळाला तरी चालेल."

"एवढा एक? तुमी राशीतला एकच बाजरीचा दाना मागताय जनू." मग माझ्याकडे बघून तो जरा मवाळ झाला. "लई कामाचं हुतं व्हय?"

मी हो म्हणालो.

छापील प्रत अण्णांनी कधी काढलीच नव्हती, प्रिंटरच्या जागी लॉक होतं. मूळ फायली पेनड्राइव्हवर होत्या, एकही कमी नाही. पण त्या उघडणारं काही नव्हतं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या चर्चेच्या पानावर मी लिहिलं. अनोळखी माणसांनी दोन दिवसांत सहा उत्तरं दिली. एकाने फाईल मागवून घेतली आणि पंधरा दिवस डोकं लावलं. त्याने कळवलं, अक्षरं निघतात, खुणा निघत नाहीत. त्या कशा साठवल्या आहेत ते बनवणाऱ्यांनी कधीच उघड केलेलं नाही. त्याने माझी माफी मागितली. त्याचा काय संबंध होता?

मग त्या विद्यार्थिनीनेच मार्ग काढला. "सरांना ऐकू तर येतं ना? मी वाजवते. चुकलं की ते सांगतील."

दर रविवारी ती येऊ लागली. अण्णांना खुर्चीत बसवायचं, ती एकेक स्वर वाजवणार. चुकला की अण्णांचा डावा हात उठे. तळवा खाली दाबला की कोमल, बोट जमिनीकडे केलं की खालचं सप्तक, वर केलं की वरचं. ती वाजवून खात्री करी, मी खूण टाइप करी. एका रविवारी एक चाल. कधी ती गमतीने म्हणे, "सर, शाळेत मारायचात तेवढ्याच जोरात हात उचलताय," आणि अण्णा ओठाच्या डाव्या कोपऱ्याने हसत. एकोणीस चाली झाल्या. याच वेगाने उरलेल्या सदुसष्टांना सव्वा वर्ष लागेल असा हिशोब मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला.

विसाव्या चालीच्या रविवारी अण्णांनी हात उचललाच नाही. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, अंतरा झाला.

"सगळं शुद्धच असेल का?" मी विचारलं.

पानं मागे उलटून तिने पहिली चाल काढली, जिच्या सगळ्या खुणा अण्णांनी स्वतः सांगितल्या होत्या. ती तिने चुकीची वाजवायला घेतली. कोमल गंधाराच्या जागी शुद्ध, कोमल निषादाच्या जागी शुद्ध, मुद्दाम, सावकाश, प्रत्येक चुकीवर थांबत. अण्णा तिच्याकडे बघत होते. डोळे उघडे होते. डावा हात मांडीवर होता तिथेच राहिला.

तिने तीच ओळ पुन्हा तशीच वाजवली. मग भाता लावून टाकला.

बायको चहा घेऊन आली आणि काय झालं ते न सांगताच समजली. अण्णांच्या ओठाला तिने कप लावला. ते दोन घोट प्याले.

विद्यार्थिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, सरांची पद्धत मला माहितेय. उरलेल्यात मी अंदाजाने खुणा घालू का? दहातल्या सात तरी बरोबर येतील."

"आणि तीन?"

"तीन चुकतील."

"कुठल्या तीन, ते कसं कळायचं?"

"नाही कळणार."

मी नको म्हणालो. ती रागावली नाही, पण पेटीवर कापड घालताना म्हणाली, "सर असते तर गा म्हणाले असते." अण्णा चार हातांवर बसले होते. तिच्या ध्यानात आलं. पाचच्या एसटीला मी तिला स्कूटरवर सोडून आलो.

नंतर मी पुस्तकाची फाईल उघडली. एकोणीस चाली खुणांसकट लावल्या. पुढच्या सदुसष्ट होत्या तशाच ठेवल्या, नुसती अक्षरं, आणि त्यांच्या आधी एक पान घातलं: या चालींच्या खुणा त्यांच्या कर्त्याने लावल्या होत्या, त्या मुलाच्या हातून गेल्या. फाईल कोणत्याही संगणकावर उघडेल अशा स्वरूपात साठवली, आणि छापून आणलेली पहिली प्रत अण्णांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती उलटी धरली होती. मी सरळ करून दिली.